झाकणाच्या आतली दुसरी ओळ

५ जानेवारी १९९८

आजपासून गाडीवर माझं नाव. 'रोवेना क्लाइन, घरगुती वीजकाम.' रंगाऱ्याने आडनाव जरा खाली घसरवलंय. मी कुरकुरले, तर वेंडेल म्हणाले, "नाव वाकडं चालेल पोरी, तारा वाकड्या नकोत."

वेंडेल स्ट्रॉब, वय शहात्तर, माझे गुरू. एकोणीस वर्षांपूर्वी या गावात एकही वायरमन मला हाताखाली घ्यायला तयार नव्हता. एकाने तर तोंडावर सांगितलं होतं, बाईची जागा स्वयंपाकघरात. तेव्हा वेंडेल म्हणाले, "स्वयंपाकघरातच तर सगळ्यात जास्त वीज लागते. चल, गाडीत बस." तो दिवस मी मेल्यावरही विसरायची नाही.

डिसेंबरात त्यांचा परवाना संपला आणि त्यांनी नवा काढला नाही. हात थरथरतात. धंदा माझ्या हवाली केला आहे. ते रोज दुकानात बसून फोन घेणार, कॉफी पिणार आणि माझ्या चुका काढणार. ही वहीही त्यांचीच भेट. म्हणाले, "रोज लिही. हात विसरतो, कागद विसरत नाही."

रोज लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. जमेल तेव्हा लिहीन.

२१ जानेवारी

वेंडेलच्या हातून आज कॉफीचा कप सुटला. मी फडकं घेऊन धावले, तर खेकसले, "लंगडी झालीय का माझी अक्कल? मी पुसतो." वाकून पुसताना पाच मिनिटं लागली. मी मुद्दाम बिलांमध्ये डोकं घालून बसले.

१६ फेब्रुवारी

सकाळपासून आयव्हा लेनहार्टबाईंकडे. वय एक्याऐंशी, एकट्या, जिभेला धार. गॅस सोडून विजेची शेगडी घ्यायचा हट्ट, म्हणून जुनं पॅनेल, म्हणजे विजेची मुख्य पेटी, काढून मोठं बसवायचं काम. काम चालू असताना त्या खुर्ची टाकून डोक्यावर बसल्या होत्या.

"दिव्याला एकशेवीस व्होल्ट, शेगडीला दोनशेचाळीस. मग काय, दोन कंपन्यांची वीज घेऊ?"

मी म्हटलं, "एकच पुरे, आयव्हाबाई. खांबावरून तीन तारा येतात. दोन जिवंत, एक मधली. जिवंत आणि मधली यांच्यात एकशेवीस, त्यावर दिवे, फ्रिज, टीव्ही. अर्धे या बाजूला, अर्धे त्या. आणि दोन्ही जिवंत तारा एकत्र घेतल्या की दोनशेचाळीस, ती तुमच्या शेगडीला."

"मग मधली बसून खाते काय?"

"मधलीच घर सांभाळते. बागेतल्या सीसॉची फळी असते ना, तिचा मधला खुंटा समजा. तो ढिला झाला तर जड बाजू खाली बसते नि हलकी वर उडते. इकडे साठ व्होल्ट, तिकडे एकशेऐंशी. वरच्या बाजूला जे असेल ते जळतं."

"म्हणजे आमच्या घरात माझ्या सासूबाई होत्या तशी," आयव्हाबाई म्हणाल्या. "गेल्या आणि दोघे भाऊ कोर्टात."

पाना घेऊन सगळं दोनदा आवळलं. मधल्या जाड तारेला वळण घेताना थोडं पोट राहिलं. वेंडेलनी पाहिलं असतं तर खोलून पुन्हा बसवायला लावलं असतं. त्यांच्या पॅनेलमधल्या तारा भांग पाडल्यासारख्या असतात. पण काळोख होत आला होता. घट्ट आहे, पोट राहू दे. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीने सही: आर.के., २-१६. हा वेंडेलचा दंडक. ज्याने झाकण उघडलं त्याने आत सही करायची, मग नुसतं डोकावलं असलं तरी. उद्या काही बिघडलं तर कुणाला हाक मारायची ते कळतं.

बाई उद्या बहिणीकडे जाणार, परवा मी कोलंबस शहरात, परवान्याच्या वर्गाला. शेगडी गुरुवारी येणार. किल्ली दुकानात ठेवली आहे, वेंडेल दार उघडून देतील. शेगडीचा सॉकेट तयार आहे, फक्त खोचायचं काम.

१९ फेब्रुवारी, कोलंबस

परवाना टिकवायला दर वर्षी वर्गात बसावं लागतं. दोन दिवस. मास्तर माझ्याहून लहान, आणि जे सांगतो ते मला वेंडेलनी शिडीवर उभं करून शिकवलंय. सकाळी, जेवणानंतर, संध्याकाळी, तीनदा हजेरीची सही. शाळेतही एवढा पहारा नव्हता. मोटेलमधला दिवा लुकलुकतोय. खोलून बघायचा मोह आवरला.

२० फेब्रुवारी

दुकानात पाऊल टाकते तोच वेंडेलची तोफ. "आयव्हाकडच्या मधल्या तारेला पोट ठेवलंस? गायीची कास आहे का ती?"

मी थक्क. "तुम्हाला कसं कळलं?"

"तू घाईत असलीस की तसंच करतेस."

एकोणीस वर्षांत या माणसाने माझा हात इतका ओळखलाय की न बघता चूक सांगतो. मला लाजही वाटली आणि आतून बरंही वाटलं. आई-बापालाही माझी एवढी ओळख नव्हती.

त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. म्हणे डबा उघडताना कापलं. माझ्यासाठी साखरेचे डोनट आणून ठेवले होते, सहाच्या सहा. एरवी एक आणतात, त्यातला अर्धा स्वतः खातात.

१५ मार्च

काम उदंड आहे. लिहायला वेळ नाही, कमरेला आराम नाही.

१३ एप्रिल

काल ईस्टर. वेंडेल चर्चला जातात, मी घरी झोपते. आज ते गप्प गप्प. दुपारी माझा मोजून आवळायचा पाना मागितला. म्हटलं कशाला? "गवत कापायच्या यंत्राचा नट." त्या यंत्राला असा पाना लागत नाही, पण वडीलधाऱ्या माणसाला हटकायचं कसं? दिला.

१६ एप्रिल

पाना परत. "नाही लागला," म्हणाले. पान्याच्या डबीला मी लावलेली चिकटपट्टी तशीच आहे.

१८ एप्रिल

आयव्हाबाईंच्या घराला आग लागली.

दुपारी अडीच वाजता बंब माझ्या गाडीला ओलांडून गेले, आणि मीही त्यांच्या मागे त्याच गल्लीत वळले. बाई बैठकीत डुलकी घेत होत्या. ओव्हनमध्ये अ‍ॅपल-पाय भाजत होता. आधी टीव्ही फुटला, मग पडदा पेटला. शेजारच्या माणसाने त्यांना खिडकीतून ओढून काढलं. हॉस्पिटलात आहेत. धूर छातीत गेलाय, डाव्या हाताला भाजलंय. वाचतील म्हणतात.

टीव्ही फुटला. बैठकीतला दिवा फुटला. फ्रिज मात्र थंडगार बंद. एक बाजू वर, एक बाजू खाली. कुणी सांगायची गरजच नव्हती. मधली तार.

१९ एप्रिल

सरकारी तपासनीस प्रेगर आला. सरळ माणूस, कमी बोलतो. पॅनेल उघडलं. आतून काजळी. मधल्या तारेखालचा स्क्रू त्याने माझ्यासमोर नुसत्या बोटांनी फिरवला.

"बघ," तो म्हणाला. "तार कशी सुतासारखी सरळ बसवलीय, आणि आवळलीच नाही. दिसायला छान, आत पोकळ."

मग झाकण उलटं केलं. काजळीतून एक ओळ दिसत होती. आर.के., २-१६.

"तूच ना?"

"मीच."

दुसरं काय म्हणणार? सही माझी, अक्षर माझं. मी दोनदा आवळली होती, असं मला वाटतं. वाटतं! एक्याऐंशी वर्षांची बाई जळता जळता वाचली आणि मला 'वाटतं'.

२२ एप्रिल

बारा मे रोजी परवाना समितीपुढे हजर राहायचं पत्र आलं. परवाना गेला तर गाडीवरचं नाव खरवडून काढावं लागेल. चव्वेचाळीस वर्षांची बाई, दुसरं काही येत नाही.

तीन रात्री झोप नाही. डोळे मिटले की माझाच हात दिसतो, स्क्रूवर ठेवलेला, आणि तो फिरवतोय की नाही ते कळत नाही. आपल्याच हातांनी दगा दिला की माणसाने कुणाकडे बघायचं?

वेंडेल संध्याकाळी अ‍ॅपल-पाय घेऊन आले. माझ्याशेजारी बसले. "होतं असं," म्हणाले. "चांगल्यातल्या चांगल्याच्या हातून होतं. मनाला लावून घेऊ नकोस." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. हात फार थरथरत होता. माझ्या दुःखाने त्यांची ही दशा झाली, याचंच मला वाईट वाटलं.

२५ एप्रिल

प्रेगरने सगळ्यांचे जबाब घेतलेत. त्या सगळ्यांची एक प्रत मला दिली. वेंडेलचा जबाब असा: 'मुलगी गुणी आहे, पण स्वतःचा धंदा झाल्यापासून घाई करते. मी तिला सांगत आलो, दोनदा आवळ.'

दोनदा वाचलं. मग स्वतःला समजावलं, की त्यांनी खरं तेच सांगितलं. खोटं बोलून मला वाचवावं अशी अपेक्षा मी कोण करणार? तरी लागलं. फार लागलं.

२८ एप्रिल

हॉस्पिटलात गेले. आयव्हाबाई उशांना टेकून बसल्या होत्या, हात पट्टीत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच सुरू झाल्या.

"रडायचं असेल तर बाहेर जा. इथे नर्स आधीच पुरेशा रडक्या आहेत." मग थोड्या थांबल्या. "तुला निरोप मिळाला नव्हता का?"

"कसला निरोप?"

"अगं, मायक्रोवेव्ह लावला की बैठकीतला दिवा लख्ख व्हायचा. मला वाटलं, चांगलंय, वाचायला बरं. तरी ईस्टरला चर्चमध्ये वेंडेलला म्हटलं, हे असं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, रोवेनाला पाठवतो."

दिवा लख्ख होणं म्हणजे मधली तार सैल. हे मला शिकवलं कुणी? वेंडेलनीच. पहिल्या महिन्यात. "असं कुणी सांगितलं तर जेवण सोडून जायचं," म्हणाले होते.

घरी येऊन विचार करतेय. विसरले असतील. शहात्तर वय. कपसुद्धा धरवत नाही, निरोप कुठून धरणार?

२ मे

आयव्हाबाईंनी पाककृतींची पत्र्याची पेटी मागितली होती. म्हणून जळक्या घरात गेले. पेटी शाबूत. परत निघताना पॅनेलकडे पाहवेना, आणि पाहिल्याशिवाय जाववेना.

प्रेगरचं वाक्य आठवलं. सुतासारखी सरळ.

मी तारेला पोट ठेवलं होतं. मला त्या पोटाची लाज वाटली होती, म्हणून तर आठवतंय. जळलेली तार तिथेच होती. पोट नाही. वळणावर भांग पाडल्यासारखी.

झाकण भिंतीला टेकवलेलं होतं. रुमाल ओला करून माझ्या सहीखालची काजळी हलक्या हाताने टिपली. खाली दुसरी ओळ निघाली.

आर.के., २-१९.

आद्याक्षरं माझी. अक्षर थरथरतं. आकडा तर पार घसरलेला.

गाडीत बसून ही वही उघडली. १९ फेब्रुवारी, कोलंबस. तीनदा हजेरीची सही. मग २० तारखेचं पान वाचलं. 'न बघता चूक सांगतो.' काय मूर्ख बाई आहे ही! अंगठ्याची पट्टी, सहा डोनट, पाना, सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, आणि मला त्यातलं एकही दिसलं नाही. ज्याच्या भरवशावर झोपले त्यानेच केसाने गळा कापला.

परत आत जाऊन झाकण नीट जागेवर ठेवलं आणि प्रेगरला फोन केला.

३ मे

वेंडेल मागच्या ओट्यावर बसून कुंड्यांना पाणी घालत होते. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली, २० तारखेचं पान उघडून. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं. मग वही मिटली.

"तारेचं पोट बघवेना," ते म्हणाले. "शेगडीवाले गेले. मी एकटाच होतो. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. मुख्य स्विच बंद केला, तार खोलली, नीट बसवली. आवळलीही होती, रो. मला वाटलं, आवळली."

"आणि सही माझी?"

"झाकण उघडलं की सही करायची. पण माझा परवाना नव्हता ना. म्हटलं, धंदा तुझाच आहे."

हे ऐकून हसू यावं की रडू, कळेना. कायदा मोडला, पण दंडक पाळला!

"ईस्टरला बाईंनी सांगितलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

"पाना घेऊन तिच्या दारापर्यंत गेलो दोनदा. ती घरीच. काय सांगणार होतो? आणि हा हात..." त्यांनी हात वर केला. पानासारखा हलत होता. "तो स्क्रू आता माझ्याने आवळला जात नाही."

"मग मला सांगायचं! एक शब्द. दहा मिनिटांत गेले असते मी. ती बाई जळाली, वेंडेल. आणि तुम्ही अ‍ॅपल-पाय घेऊन आलात. माझ्या पाठीवर थोपटलंत. तीन रात्री मी माझ्या हातांना शिव्या देत होते आणि तुम्ही म्हणालात, होतं असं!"

"तुझ्यापुढे वीस वर्षं आहेत," ते म्हणाले. "पडलीस तरी उठशील. माझ्याकडे एवढ्या वर्षांचं नाव सोडून काय उरलंय?"

"म्हणून माझं वापरलंत?"

मी वही उचलली. फाटकापर्यंत पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "समितीला दाखवणार आहेस ती वही?"

आयव्हाबाईंचं विचारलं नाही. माझं विचारलं नाही. वहीचं विचारलं.

१२ मे

समितीचे तिघं जण लांब टेबलामागे. वेंडेल रविवारचा कोट घालून शेवटच्या रांगेत. त्यांना बोलावलं होतं म्हणून आले. गावातले पंधरा-वीस जणही होते, निम्म्यांच्या घरांत वेंडेलनीच पहिली वीज आणली.

रात्रभर ठरवत होते, कोलंबसची हजेरी पुरेशी आहे, वही नको. सकाळी उठून बॅगेत टाकली. मग काढली. मग परत टाकली.

प्रेगरने झाकणाचा फोटो ठेवला, दोन्ही ओळींचा. हजेरीपट ठेवला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मिस क्लाइन, दुसरी सही कुणाची ते तुम्हाला माहीत आहे?"

मी मागे वळून पाहिलं. एकदा तरी उठा, असं मनात म्हटलं. उठून सांगा, मी वही बॅगेतच ठेवीन. वेंडेल आपल्या हातांकडे बघत होते.

मग वही काढली. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्या दिवसाचं मोठ्याने वाचा. मी वाचलं. गायीची कास वाचलं तेव्हा कुणीतरी हसलं. मग पुढचं वाक्य आलं आणि तेही मी वाचलं. 'एकोणीस वर्षांत या माणसाने माझा हात इतका ओळखलाय की न बघता चूक सांगतो. मला लाजही वाटली आणि आतून बरंही वाटलं. आई-बापालाही माझी एवढी ओळख नव्हती.'

कुणी हसलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वेंडेल उठले होते. मला वाटलं, आता बोलतील. ते दाराकडे गेले, दाराची मूठ फिरवता येईना म्हणून दुसऱ्या कुणी दार उघडून दिलं, आणि निघून गेले.

माझा परवाना राहिला. पोस्टापाशी हार्डवेअरवाला भेटला, तोंड फिरवून गेला. त्याच्या लेखी मी म्हाताऱ्या माणसाला चव्हाट्यावर आणणारी बाई. आणि म्हातारा काय, तो अजून गावाचा लाडका. कुंपणाने शेत खाल्लं, तरी लोक कुंपणाचीच कीव करतात.

६ जून

आयव्हाबाईंचं स्वयंपाकघर नव्याने उभं राहिलं. नवं पॅनेल कोण बसवणार म्हणून विमावाल्याने विचारलं, तर म्हणाल्या, "रोवेना. एकदा जिच्यावर आळ आला ती दुप्पट बघून काम करते."

डाव्या हातावर गुलाबी व्रण. त्याच खुर्चीत बसून मला सूचना देत होत्या. "वेंडेल आला होता," मध्येच म्हणाल्या. "फुलं घेऊन. दारातूनच परत पाठवला. तू बोलतेस त्याच्याशी?"

"नाही."

"बोलशील?"

"माहीत नाही."

मधली तार बसवायला घेतली. आज घाई नव्हती. वळणावर अंगठ्याने दाबून, तसूतसूने वळवत नेली. पोट राहिलं नाही. मोजून आवळली, पुन्हा आवळली, दहा मिनिटं थांबून तिसऱ्यांदा पाना लावला. झाकणाच्या आत आद्याक्षरं घातली नाहीत. पूर्ण नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि लिहिलेलं आयव्हाबाईंना वाचून दाखवलं.

झाकण लावण्याआधी एकदा मागे सरून पाहिलं. तारा भांग पाडल्यासारख्या होत्या. वेंडेलनी पाहिलं असतं तर एक शब्द बोलले नसते, नुसती मान हलवली असती. माझ्या तोंडून निघणार होतं, "बघा." वळलेही होते. मागे आयव्हाबाई होत्या.

त्यांनी विचारलं, "काय गं?"

मी म्हटलं, "काही नाही," आणि स्क्रू आवळत राहिले.